बोस्टन मॅरेथॉनमध्ये पहिला कोण येतो? एका रस्त्यावरच्या अनेक शर्यतींचा उलगडा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात दर एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी 'पेट्रियट्स डे' नावाची सुट्टी असते आणि त्याच दिवशी बोस्टन मॅरेथॉन होते. २०२५ सालच्या शर्यतीनंतर बातम्यांत जॉन कोरिर या केनियाच्या धावपटूचे नाव झळकले, कारण त्याने ४२.१९५ किलोमीटरचे अंतर २ तास ४ मिनिटे ४५ सेकंदांत पार केले होते. पण ज्यांनी त्या दिवशीचे थेट प्रक्षेपण पाहिले, त्यांना वेगळेच दृश्य दिसले असणार. कोरिर अंतिम रेषेवर पोहोचण्याच्या तासाभराहून अधिक आधी स्वित्झर्लंडचा मार्सेल हुग तीच रेषा ओलांडून गेला होता आणि त्याला लागलेला वेळ होता १ तास २१ मिनिटे ३४ सेकंद. हुग व्हीलचेअर शर्यतीचा विजेता होता.

मग पहिला कोण आला? व्हीलचेअरवरचा माणूस धावणाऱ्यापेक्षा इतका पुढे कसा जातो, आणि जात असेल तर त्याला 'मॅरेथॉनचा विजेता' का म्हणत नाहीत, हे प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्यांची उत्तरे नीट समजून घेतली तर या स्पर्धेबद्दलच्या इतर बऱ्याच गोंधळात टाकणाऱ्या गोष्टीही सुटतात. उदाहरणार्थ, जगातील सर्वांत वेगवान वेळा बोस्टनमध्ये नोंदल्या गेल्या तरी त्यांना विश्वविक्रम का मानत नाहीत, हे कोडे.

एक रस्ता, अनेक शर्यती

रेल्वेच्या एकाच रुळावरून जलद गाडी आणि धीमी गाडी जाते, पण प्रत्येकीचे वेळापत्रक वेगळे असते आणि दोघींची तुलना कोणी करत नाही. मोठ्या शहरांच्या मॅरेथॉनचे असेच आहे. रस्ता एक असतो, अंतिम रेषा एक असते, मात्र त्यावर एकाच सकाळी अनेक स्वतंत्र शर्यती होतात आणि प्रत्येक शर्यतीचे घड्याळ, क्रमवारी आणि बक्षिसे निराळी असतात.

२०२५ साली बोस्टनमध्ये पुरुषांची व्हीलचेअर शर्यत सकाळी ९ वाजून ६ मिनिटांनी आणि महिलांची ९ वाजून ९ मिनिटांनी सुटली. साडेनऊला हँडसायकलवाले आणि जोडीने भाग घेणारे स्पर्धक निघाले. ९ वाजून ३७ मिनिटांनी एलिट पुरुष, ९ वाजून ४७ मिनिटांनी एलिट महिला, ९ वाजून ५० मिनिटांनी दिव्यांग धावपटू आणि १० वाजल्यापासून टप्प्याटप्प्याने बाकीचे हजारो धावपटू सोडण्यात आले. 'एलिट' म्हणजे आयोजकांनी निमंत्रित केलेले, जिंकण्याच्या आणि बक्षिसाच्या इराद्याने उतरलेले व्यावसायिक खेळाडू.

या क्रमामागे रेल्वेचेच तर्कशास्त्र आहे. जलद गाडी धीमीच्या मागे सोडली तर ती अडकते, म्हणून आधी जलद गाडी सोडतात. ताशी ३० किलोमीटरहून अधिक वेगाने जाणारी व्हीलचेअर आणि माणसांची गर्दी एकाच वेळी रस्त्यावर असणे दोघांच्याही जिवाला धोक्याचे आहे. महिलांची एलिट शर्यत वेगळी सोडण्याचे कारण मात्र दुसरे आहे. पुरुषांसोबत धावताना त्यांच्या पाठीमागे राहून वाऱ्यापासून आडोसा मिळतो आणि वेग टिकवायला सोबतही मिळते, त्यामुळे कोणत्या धावपटूने स्वतःच्या बळावर किती कमावले हे कळत नाही. म्हणूनच जागतिक ॲथलेटिक्स संघटना केवळ महिलांच्या शर्यतीतला विक्रम आणि मिश्र शर्यतीतला महिलांचा विक्रम अशा दोन नोंदी स्वतंत्र ठेवते.

ही व्हीलचेअर नेमकी कशी असते?

रुग्णालयात किंवा विमानतळावर दिसणारी खुर्ची येथे डोळ्यांसमोर आणू नये. शर्यतीच्या खुर्चीला तीन चाके असतात. मागे दोन मोठी, वरच्या बाजूने एकमेकींकडे झुकलेली चाके असतात आणि पुढे लांब दांड्याच्या टोकाला एक लहान चाक असते. खेळाडू पाय दुमडून, बहुधा गुडघ्यांवर, पुढे वाकून बसतो, जेणेकरून छाती जवळजवळ मांड्यांना टेकते आणि वाऱ्याला समोर कमीत कमी पृष्ठभाग मिळतो. संपूर्ण खुर्चीचे वजन साधारण आठ ते दहा किलो असते.

या खुर्चीला गिअर, साखळी किंवा पॅडल यांपैकी काहीही नसते. मोठ्या चाकाला बाहेरून एक लहान कडे जोडलेले असते आणि खेळाडू जाड, टणक हातमोजे घालून त्या कड्याला वरून खाली ठोसा मारल्यासारखा रेटा देतो. तो कडे मुठीत पकडत नाही, पकडायला वेळच नसतो. हातमोजा आणि कडे यांच्यातील घर्षणावर सगळा खेळ चालतो, हे लक्षात ठेवावे, कारण पुढे ते महत्त्वाचे ठरणार आहे. रस्त्याच्या वळणानुसार पुढचे चाक ठरावीक कोनात वळवून ठेवण्यासाठी एक छोटी दांडी असते. ती थोपटली की चाक वळते आणि दोन्ही हात रेटा देण्यासाठी मोकळे राहतात.

हँडसायकल हे याहून वेगळे वाहन आहे. तिला साखळी आणि गिअर असतात आणि सायकलचे पॅडल पायांनी फिरवावे तसे ते हातांनी फिरवायचे असते. म्हणून हँडसायकलची शर्यत व्हीलचेअर शर्यतीत मिसळत नाहीत. जोडीचा प्रकार आणखी निराळा आहे. त्यात एक धावपटू खुर्चीत बसलेल्या जोडीदाराला ढकलत धावतो. डिक हॉइट हे वडील आपला मुलगा रिक याला घेऊन २०१४ सालापर्यंत अनेक दशके बोस्टनला धावले आणि त्यांचा पुतळा शर्यतीच्या आरंभस्थानी, हॉपकिंटन गावात उभा आहे.

स्पर्धकांचे शारीरिक क्षमतेनुसार वर्ग पाडले जातात. व्हीलचेअर शर्यतीत टी ५१ पासून टी ५४ पर्यंतचे वर्ग असतात आणि आकडा जितका लहान, तितकी शारीरिक मर्यादा अधिक. टी ५४ मधील खेळाडूंचे हात पूर्ण सक्षम असतात आणि धडाचे स्नायूही पूर्ण किंवा काही अंशी काम करतात, तर टी ५१ आणि टी ५२ मध्ये हातांच्या ताकदीवरही मर्यादा असते. हुग टी ५४ वर्गात खेळतो.

चाके असली म्हणजे शर्यत सोपी नाही का?

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो वरवर पटण्याजोगाही आहे. चाकामुळे एक मोठा फायदा होतो, हे खरेच आहे. धावणारा माणूस प्रत्येक पावलाला स्वतःचे सगळे वजन उचलतो, पुन्हा जमिनीवर आदळतो आणि प्रत्येक आदळण्यात थोडी गती गमावतो. चाक गती साठवते. उतारावर सायकलस्वार पाय न हलवता सुसाट जातो आणि पायी चालणाऱ्याला मात्र तोच उतार पावलापावलाने उतरावा लागतो, हा आपल्या सर्वांच्या अनुभवातला फरक आहे. म्हणूनच धावण्याची वेळ आणि व्हीलचेअरची वेळ शेजारी ठेवून कोण श्रेष्ठ असे विचारणे, पोहणाऱ्याची आणि नाव वल्हवणाऱ्याची तुलना करण्याइतके निरर्थक आहे.

पण वेगवान असणे आणि सोपे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. व्हीलचेअरवर सगळे काम खांदे, दंड आणि मनगटे करतात, आणि पायांच्या तुलनेत हे स्नायू फार लहान आहेत. शिवाय वेग वाढला की हवेचा विरोध त्याच प्रमाणात न वाढता वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट होतो. कोरिरचा सरासरी वेग ताशी सुमारे २० किलोमीटर होता. हुगने २०२४ साली बोस्टनला नोंदवलेल्या सर्वोत्तम वेळेचा सरासरी वेग ताशी सुमारे साडेतेहतीस किलोमीटर भरतो. म्हणजे केवळ वेगापोटी वाऱ्याचा विरोध अडीच पटींहून अधिक होतो. त्यामुळे व्हीलचेअर शर्यतीत सायकल शर्यतीप्रमाणे दुसऱ्याच्या मागे आडोशाला राहण्याचे डावपेच चालतात. एकटा पडलेला खेळाडू सगळा वारा स्वतःच्या छातीवर झेलतो.

चढावर चाकाचा फायदा उलटतो. धावणारा चढावर मंदावला तरी पाऊल मागे घसरत नाही. व्हीलचेअर मात्र दोन रेट्यांच्या मधल्या क्षणी थांबू पाहते आणि मागे येऊ पाहते, त्यामुळे खेळाडूला विश्रांतीचा एकही क्षण मिळत नाही.

हवामानाचा परिणाम तर सर्वांत बोलका आहे आणि त्यासाठी बोस्टनच्या लागोपाठच्या दोन वर्षांचे आकडे पाहावेत. २०१७ साली हवा अनुकूल होती. पायी धावणाऱ्यांत केनियाचा जेफ्री किरुई २ तास ९ मिनिटे ३७ सेकंदांत जिंकला आणि व्हीलचेअरमध्ये हुग १ तास १८ मिनिटे ४ सेकंदांत. २०१८ साली कडाक्याची थंडी, धो-धो पाऊस आणि समोरून जोराचा वारा होता. त्या वर्षी जपानचा युकी कावाउची २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत जिंकला, म्हणजे धावण्याची विजेती वेळ सुमारे सहा मिनिटांनी वाढली. व्हीलचेअर शर्यत पुन्हा हुगनेच जिंकली, पण त्याला १ तास ४६ मिनिटे २६ सेकंद लागले. एकाच माणसाला, त्याच रस्त्यावर, २८ मिनिटे अधिक. महिलांच्या व्हीलचेअर शर्यतीत मान्युएला शेर २०१७ साली १ तास २८ मिनिटे १७ सेकंदांत जिंकली होती आणि पुढच्या वर्षी तात्याना मॅकफॅडनची विजेती वेळ होती २ तास ४ मिनिटे ३९ सेकंद.

कारण वर सांगितलेच आहे. हातमोजा आणि कडे यांच्यात पाणी शिरले की रेटा निसटतो, आणि समोरचा वारा अधिक वेगाने जाणाऱ्याला अधिक शिक्षा करतो. ज्यांना ही शर्यत सोपी वाटते, त्यांनी त्या वर्षीच्या ओल्या कड्यांवर हजारो वेळा हात मारण्याची कल्पना करावी.

धोकाही आहेच. हॉपकिंटनमध्ये रस्ता सुरुवातीच्या दीड किलोमीटरमध्येच सुमारे ४० मीटर खाली उतरतो. १९८७ साली ओल्या रस्त्यावर याच उतारावर खुर्च्या एकमेकींवर आदळून मोठा अपघात झाला आणि त्यानंतर तेथे वेगावर नियंत्रण ठेवून सुरुवात करण्याची पद्धत आली. २०२४ साली मार्गावरील न्यूटन शहरातल्या अग्निशमन केंद्राजवळच्या वळणावर हुग स्वतः वेगात असताना कठड्यावर आदळून उलटला. तो सावरला, खुर्ची सरळ केली, पुढे निघाला आणि १ तास १५ मिनिटे ३३ सेकंदांत पोहोचला. आदल्या वर्षीचा त्याचाच मार्गविक्रम, म्हणजे या रस्त्यावरची सर्वांत जलद वेळ, या पडण्यासकट ९३ सेकंदांनी मोडला होता. माझ्या मते अलीकडच्या मॅरेथॉन इतिहासातील ही सर्वांत थक्क करणारी कामगिरी आहे, आणि ती त्या दिवशीच्या बहुतेक बातम्यांच्या शेवटच्या ओळीत होती, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तीन तासांची अट

व्हीलचेअर शर्यत बोस्टनमध्ये कोणी मेहेरबानीने सुरू केली नाही. बोस्टन मॅरेथॉन १८९७ साली १५ धावपटूंनिशी सुरू झाली, तेव्हा अंतर आजच्यापेक्षा कमी, सुमारे साडेएकोणचाळीस किलोमीटर होते. महिलांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडले, त्याआधी बॉबी गिब १९६६ साली परवानगीविना धावली होती. १९७० साली व्हिएतनाम युद्धात पाय गमावलेल्या यूजीन रॉबर्ट्स यांनी हे अंतर व्हीलचेअरवर पार केले.

१९७५ साली लहानपणी पोलिओ झालेला बॉब हॉल हा तरुण आयोजकांकडे गेला. शर्यतीचे तत्कालीन संचालक विल क्लोनी यांनी त्याला सांगितले की तीन तासांच्या आत पोहोचलास तर इतर धावपटूंना मिळते तेच प्रमाणपत्र तुला देऊ. हॉल २ तास ५८ मिनिटांत पोहोचला. तेव्हाच्या खुर्च्या आजच्यासारख्या नव्हत्या, चार चाकांच्या आणि जड होत्या. पुढे हॉलने स्वतः शर्यतीच्या खुर्च्या बनवण्यात आयुष्य घातले. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, शॅरन रान ही महिला व्हीलचेअर शर्यतीची पहिली विजेती ठरली. हॉलच्या त्या २ तास ५८ मिनिटांपासून हुगच्या १ तास १५ मिनिटांपर्यंतचा प्रवास निम्मा खेळाडूंच्या तयारीचा आणि निम्मा खुर्चीच्या घडणीचा आहे.

जगातली सर्वांत वेगवान वेळ, तरी विश्वविक्रम नाही

आता दुसऱ्या कोड्याकडे वळू. मॅरेथॉनमध्ये व्हीलचेअरचा पुरुषांचा विश्वविक्रम हुगने २०२१ साली जपानमधील ओइता येथे नोंदवला, १ तास १७ मिनिटे ४७ सेकंद. बोस्टनची त्याचीच वेळ याहून दोन मिनिटांपेक्षा जास्त कमी आहे, पण ती विक्रम म्हणून धरली गेली नाही. धावण्यातही असेच झाले होते. १८ एप्रिल २०११ रोजी केनियाचा जेफ्री मुताई बोस्टनला २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. तेव्हाचा विश्वविक्रम २ तास ३ मिनिटे ५९ सेकंद होता आणि मुताईने त्यापेक्षा ५७ सेकंद कमी घेतले, तरी विक्रम जुनाच राहिला.

कारण रस्त्याच्या आखणीत आहे. विक्रमासाठी रस्त्याला दोन अटी लागू होतात. पहिली, सुरुवात आणि शेवट यांमधील सरळ रेषेतील अंतर शर्यतीच्या निम्म्याहून अधिक नसावे. दुसरी, एकूण उतार किलोमीटरमागे एक मीटरहून अधिक, म्हणजे मॅरेथॉनसाठी साधारण ४२ मीटरहून अधिक नसावा. बोस्टन मॅरेथॉन हॉपकिंटनहून निघते आणि जवळजवळ एकाच दिशेने जात शहराच्या मध्यभागी, बॉइल्स्टन स्ट्रीटवर संपते. दोन्ही टोकांमधील सरळ अंतर एकूण अंतराच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास आहे आणि उतार सुमारे १४० मीटर आहे. दोन्ही अटी मोडतात.

पहिल्या अटीचा अर्थ सायकलवाल्याला लगेच कळेल. जाताना वारा पाठीशी असेल तर परतताना तो तोंडावर येतो आणि फायदा-तोटा फिटतो. पण परतायचेच नसेल तर पाठीवरचा वारा शेवटपर्यंत फुकट मिळतो. २०११ साली बोस्टनला वारा पाठीशी होता. मुंबई मॅरेथॉन मात्र छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरातून निघून तेथेच परत येते, त्यामुळे हा प्रश्न तिला येत नाही.

या नियमात अन्याय आहे का? मला तसे वाटत नाही. मुताईची आणि हुगची कामगिरी त्याने लहान होत नाही. त्या वेळेत किती वाटा माणसाचा आणि किती वाऱ्या-उताराचा, हे कोणालाही मोजता येणार नाही, एवढेच नियम सांगतो. बोस्टनचा मार्गविक्रम त्याच रस्त्यावरच्या इतरांशी तुलना करण्यासाठी आहे, आणि २०१७-१८ चे आकडे पाहिल्यावर ही तुलनासुद्धा किती सांभाळून करावी लागते हे दिसतेच.

उतार आहे, मग हा मार्ग अवघड का म्हणतात?

सिंहगडावर चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला धरून ठेवतात आणि या कामात त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. बोस्टनचा धावपटू पहिले २५ किलोमीटर बहुतांशी उतरत येतो, मांड्या थकवून घेतो, आणि मग न्यूटनमधील चार चढ सुरू होतात. शेवटचा चढ ३२ किलोमीटरच्या पुढे येतो आणि त्याची उंची जेमतेम २७ मीटर आहे. ताज्या पायांना तो जाणवणारही नाही. तरी त्याला 'हार्टब्रेक हिल' म्हणतात. १९३६ साली आदल्या वर्षीचा विजेता जॉनी केली याने येथे टार्झन ब्राउनला गाठले आणि पुढे जाताना त्याच्या खांद्यावर थोपटले. ते थोपटणे ब्राउनला झोंबले, त्याने पुन्हा मुसंडी मारली आणि शर्यत जिंकली. केलीचे मन मोडले म्हणून चढाला हे नाव पडले.

आणखी एक गोष्ट म्हणजे बोस्टनमध्ये पेसर नसतात. पेसर म्हणजे ठरलेल्या वेगाने पुढे धावून अर्ध्या वाटेनंतर बाजूला होणारा, पैसे देऊन आणलेला धावपटू. तो नसला की कोणी पुढे व्हायचे यावरून सगळे एकमेकांकडे पाहत राहतात. इथिओपियाचा हायले लेमी २०१६ साली बोस्टन जिंकला तेव्हा त्याला २ तास १२ मिनिटे ४५ सेकंद लागले. तोच लेमी २०२३ साली मुंबईच्या दमट हवेत, पेडर रोडचा चढ घेऊन, २ तास ७ मिनिटे ३२ सेकंदांत जिंकला आणि तेथे मार्गविक्रम केला. यावरून मुंबईचा मार्ग सोपा ठरत नाही. बोस्टनला शर्यत जिंकण्यासाठी धावतात, घड्याळासाठी नव्हे.

सामान्य धावपटूला प्रवेश कसा मिळतो?

येथे बहुतेकांना दुसऱ्या प्रमाणित मॅरेथॉनमध्ये ठरावीक वेळ नोंदवून पात्र व्हावे लागते. काही जागा धर्मादाय संस्थांसाठी निधी उभारणाऱ्यांना मिळतात. २०२६ च्या शर्यतीसाठी १८ ते ३४ वयोगटातील पुरुषांना २ तास ५५ मिनिटे आणि महिलांना ३ तास २५ मिनिटे ही मर्यादा होती. मर्यादा गाठली म्हणजे जागा मिळाली असे नाही. अर्ज जास्त आले की जो अधिक वेगवान तो आत, अशी चाळणी लागते. २०२५ च्या शर्यतीसाठी तेव्हाच्या मर्यादेपेक्षा ६ मिनिटे ५१ सेकंद जलद धावलेल्यांनाच जागा मिळाली होती. डोंगरावरून खाली येणाऱ्या मॅरेथॉन निवडून पात्र होण्याची युक्ती वाढल्यामुळे २०२७ पासून फार मोठा उतार असलेल्या शर्यतींच्या वेळेत काही मिनिटे मिळवून ती धरली जाणार आहे. ज्या बोस्टनच्या वेळा उतारामुळे विक्रमात धरत नाहीत, त्याच बोस्टनने हा नियम केला आहे, आणि तो योग्यच आहे.

बक्षीस समान असावे का?

२०२४ साली बोस्टनमध्ये धावण्याच्या विजेत्याला दीड लाख डॉलर आणि व्हीलचेअर विजेत्याला ४० हजार डॉलर होते. त्याच वर्षी लंडन मॅरेथॉनने दोन्ही विजेत्यांना प्रत्येकी ५५ हजार डॉलर देण्यास सुरुवात केली. समान बक्षिसाच्या विरोधात दिले जाणारे मुख्य कारण म्हणजे व्हीलचेअर शर्यतीत स्पर्धक कमी असतात, म्हणून चुरसही कमी असते. स्पर्धक कमी आहेत, हे खरे आहे. पण ते कमी का आहेत, हेही विचारायला हवे. शर्यतीची खुर्ची महाग असते, ती शरीराच्या मापाने बनवावी लागते, विमानातून नेताना मोडण्याची भीती असते आणि सरावाला गुळगुळीत, मोकळा रस्ता लागतो. खर्च जास्त आणि मिळकत कमी असेल तर नवे खेळाडू येणार कोठून? बक्षीस वाढवण्यासाठी स्पर्धक वाढण्याची वाट पाहणे म्हणजे विहिरीला पाणी लागल्यावर खणायला घेऊ असे म्हणण्यासारखे आहे. लंडनचा निर्णय मला म्हणूनच पटतो.

भारतातील तरुणांना तर यांतली पहिली अडचण, म्हणजे खुर्चीची किंमत, ओलांडणेच कठीण जाते. मुंबई मॅरेथॉनमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र, कमी अंतराचा गट आहे आणि त्यात सहभागी होणाऱ्यांचा उत्साह पाहण्यासारखा असतो, पण पूर्ण ४२ किलोमीटरची एलिट व्हीलचेअर शर्यत हा त्यापुढचा टप्पा आहे.

बोस्टनची शर्यत थेट पाहायची असेल, तर २०२५ प्रमाणे वेळ राहिल्यास व्हीलचेअरची सुरुवात आपल्याकडे संध्याकाळी ६ वाजून ३६ मिनिटांनी होते. सुरुवातीच्या उतारानंतर आघाडीच्या खेळाडूमागे कोण आडोशाला राहिले आहे ते पाहावे, आणि त्यानंतर न्यूटनच्या अग्निशमन केंद्रापाशी ते वळण कोण किती वेगाने घेतो याकडे लक्ष ठेवावे. तेथून पुढे चढ आहेत. पायी धावणाऱ्या एलिट पुरुषांना तोपर्यंत हॉपकिंटनमधून निघून वीसेक मिनिटेच झालेली असतात.